चौघांवाचून न सुटणारा प्रश्न

चार बाके जोडली, मुलांना समोरासमोर बसवले आणि मध्ये एक चंचुपात्र ठेवले की गटकार्य झाले, असे बरेचदा धरले जाते. त्या गटात प्रत्यक्ष काय चालते ते जरा जवळ उभे राहून पाहावे. वर्गात हुशार ठरलेला मुलगा प्रयोग करतो. एक मुलगी त्याने सांगितलेले सुवाच्य अक्षरात उतरवून घेते. उरलेले दोघे साहित्य आणून देतात आणि शेवटी ते धुऊन ठेवतात. तास संपतो तेव्हा शिकलेला एकच असतो आणि बहुधा त्याला ते आधीपासूनच येत असते. फळ्यापाशी उभे राहून शिकवणारा शिक्षक निदान सगळ्यांशी सारखे बोलतो. असा गट मात्र विज्ञान कोणी करायचे आणि भांडी कोणी धुवायची, हे मुलांच्या मनावर रोज थोडे थोडे ठसवत जातो. म्हणून मला असले गटकार्य नुसत्या व्याख्यानापेक्षा वाईट वाटते.

एकत्र शिकण्याचा पाठ घडतो तो प्रश्नामुळे. प्रश्न असा हवा की एकट्या हुशार मुलाला तो सुटूच नये. उत्तराचा एक तुकडा मजुराच्या मुलीकडे असावा, एक बागायतदाराच्या मुलाकडे आणि एक वसतिगृहात राहणाऱ्या कोरकू मुलाकडे. तुकडे खरे असावेत, समजूत काढण्यापुरते दिलेले नसावेत. असे प्रश्न शोधायला अमरावती-अकोल्याच्या शिक्षकाला लांब जावे लागत नाही, आणि वऱ्हाडातल्या शाळांचे हे भाग्यच आहे.

आधी हा वर्ग कसा असतो ते पाहू. अकोट, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर किंवा परतवाडा अशा गावातला सातवी-आठवीचा वर्ग घ्या. त्यात संत्र्याची बाग असलेल्या घरचा मुलगा आहे, निंदणाला जाणाऱ्या बाईची मुलगी आहे, तांड्यावरून येणारा बंजारा मुलगा आहे, घरी उर्दू बोलणारी मुलगी आहे आणि मेळघाटातून शिकायला आलेला कोरकू मुलगाही आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. संथाली आणि मुंडारी तिच्या नातलग आहेत, मराठीशी तिचे नाते नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात हा मुलगा बसला तर घरी कोरकू, बाजारात हिंदी, वसतिगृहात मराठी आणि विज्ञानाच्या पुस्तकात इंग्रजी अशी चौथ्या भाषेपर्यंत त्याची चढण असते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला पुस्तकाची प्रमाण मराठीसुद्धा अडते. १९७४ साली मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडथळ्यावर बरेच काम केले. विज्ञानाची भाषा सोपी केली की मुलांची विज्ञानाची समज वाढते, हे त्यांनी दाखवून दिले.

निरनिराळ्या घरची मुले एकत्र आणण्याचा वारसा अमरावतीला आहे. पंजाबराव देशमुखांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात श्रद्धानंद छात्रालय काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत बसवले. पुढे १९३२मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. एका पंगतीत बसवण्याचे अवघड काम त्या पिढीने केले. आता त्या मुलांना एका प्रयोगाभोवती बरोबरीने बसवायचे आहे आणि ते काम आपल्याकडे आले आहे.

हा पेच जगात इतरांपुढेही आला. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एका वर्गात आणले गेले होते आणि वर्गावर्गांत भांडणे सुरू होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांना तिथे बोलावले. त्यांना दिसले की शिक्षक प्रश्न विचारतात, पाच-सहा हात वर जातात आणि एकाला बोलायची संधी मिळाली की बाकीचे खट्टू होतात. मग त्यांनी एका चरित्राचे सहा तुकडे केले आणि गटातल्या सहा मुलांना एकेक तुकडा दिला. पुढे परीक्षा साऱ्या चरित्रावर होती. ज्या मुलाचे इंग्रजी अडखळत होते त्याची आधी टिंगल झाली. पण त्याच्याकडचा भाग दुसरीकडे कुठे मिळणार नाही, हे लक्षात आल्यावर गटातली मुले त्याला धीराने, नेमके प्रश्न विचारू लागली. त्याला बोलते कसे करायचे हे ती शिकली. या पद्धतीला पुढे 'जिगसॉ' हे नाव पडले.

स्टॅनफर्डच्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी यात आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती मला जास्त मोलाची वाटते. वर्गात प्रत्येक मुलाची एक पत ठरलेली असते. ज्याची पत मोठी तो जास्त बोलतो, जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो आणि त्याची पत आणखी वाढते. काम कितीही छान वाटून दिले तरी ही पत गटात शिरतेच. त्यावर कोहेन यांनी दोन उपाय सांगितले. एक, काम असे द्यावे की त्यात वाचन-लेखनाबरोबर हात, डोळे, आठवण आणि चौकशी यांचीही गरज पडावी. दुसरा, मागे पडलेल्या मुलाने खरोखर काही भर घातली की शिक्षकाने ती सर्वांसमोर, नेमक्या शब्दांत सांगावी. 'शाब्बास' म्हणून भागत नाही. त्याच्यामुळे गटाला काय कळले ते बोलून दाखवावे लागते.

आपल्या अगदी शेजारी, सातपुड्यापलीकडे तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात तर हे काम तीस वर्षे चालले. १९७२मध्ये सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९७८मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व उच्च प्राथमिक शाळांत गेला. चार-चार मुलांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला साहित्याची पेटी, सगळ्या टोळ्यांची निरीक्षणे फळ्यावर आणि त्यावर चर्चा, अशी त्याची रीत होती. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन भूमितीचे आकार जोडायचा अरविंद गुप्तांचा खेळ तिथल्याच दिवसांतला. २००२मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तो नवखा प्रयोग म्हणून बंद पडला असे कोणी समजू नये, मुलांच्या दोन-तीन पिढ्या त्यातून गेल्या होत्या.

आता आपल्या मातीतला पाठ पाहू. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-हापशांचे पाणी खारे आणि माती चोपण आहे. अकोट-अंजनगावसारख्या भागाची गंमत अशी की उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोडे पाणी, केळी आणि संत्री, तर थोडे दक्षिणेला सरकले की खारे पाणी. म्हणजे एकाच वर्गात दोन्हीकडची मुले बसलेली असतात. पाठाचे अर्धे साहित्य त्यांच्या घरी आहे.

मुलांपुढे प्रश्न ठेवायचा: एकाच वावरातली दोन ढेकळे दोन ग्लासांत टाकली. एका ग्लासातले पाणी गढूळ झाले, दुसऱ्यातले नितळ राहिले. असे का?

साहित्य साधे आहे. पारदर्शक ग्लास, पूर्णाकाठच्या चोपण रानातली वाळलेली ढेकळे, सातपुड्याच्या पायथ्याची ढेकळे आणि तीन प्रकारचे पाणी: पावसाचे, खाऱ्या विहिरीचे आणि नळाचे. पावसाचे पाणी नसेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचे शुद्ध पाणी दुकानात मिळते, ते चालते. तुरीच्या दाण्याएवढे कोरडे ढेकूळ ग्लासाच्या तळाशी अलगद सोडायचे आणि मग अजिबात ढवळायचे नाही, ग्लास हलवायचा नाही. हा नियम पाळला नाही तर सारा प्रयोग वाया जातो. म्हणून प्रत्येक टेबलावर ग्लासांची राखण करायचे काम एका मुलाकडे द्यावे. वर्गात सर्वांत जास्त धीर कोणाकडे आहे ते त्या दिवशी कळते.

चौघांचा मूळ गट करा. त्यातला एकेक जण एकेका टेबलावर जातो. पहिल्या टेबलावर ढेकळे पावसाच्या पाण्यात आहेत, दुसऱ्यावर खाऱ्या विहिरीच्या. तिसऱ्या टेबलावर फक्त पाणी तपासायचे. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि पाण्यात बुडवलेले दोन खिळे यांचा परिपथ जोडायचा आणि कोणत्या पाण्यात दिवा किती उजळतो ते पाहायचे. रोधक गाळू नये, तो नसताना खिळे एकमेकांना चिकटले तर एलईडी जळतो. तिथेच कपड्याच्या साबणाची वडी किसून बाटलीत हलवायची आणि फेस मोजायचा. धुण्याची पावडर नको, ती जड पाण्यातही फेस देते. चौथ्या टेबलावरच्या मुलांनी आदल्या दिवशीच घरी आणि शेजारी विचारून यायचे असते: पहिल्या पावसानंतर रानाचे काय होते? खाऱ्या पाण्याने ओलीत केलेले रान पुढे कसे वागते? कोणत्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो?

तासाभरात मुले आपापल्या गटात परततात आणि खरा पाठ तिथे सुरू होतो. पहिल्या टेबलावरचा सांगतो, चोपण ढेकळाभोवती दुधासारखा ढग आला आणि तो सारा ग्लासभर पसरला. दुसऱ्या टेबलावरची म्हणते, छे, तेच ढेकूळ आमच्याकडे विस्कटून तळाशी बसले, वरचे पाणी नितळ आहे. दोघांचीही निरीक्षणे बरोबर आहेत. वाद मिटवायचा तर तिसऱ्याला विचारावे लागते. तो सांगतो की विहिरीच्या पाण्यात दिवा झगझगीत लागला आणि पावसाच्या पाण्यात जेमतेम. म्हणजे विहिरीच्या पाण्यात क्षार भरपूर, पावसाच्या पाण्यात जवळजवळ नाहीत. मग चौथी आजोबांचे म्हणणे मांडते: पहिला पाऊस झाला की खारपाणातले रान चिकट होते, वर पापुद्रा धरतो आणि पऱ्हाटीचा कोंब त्याखाली अडकतो. आता चौघे मिळून एका वाक्यापाशी येतात: माती तीच आहे, तिला सुटे करते ते बिनक्षाराचे पाणी. कोणत्याही एका टेबलावर बसून हे वाक्य सापडले नसते.

याची कारणमीमांसा मुलांच्या इयत्तेप्रमाणे करावी. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. त्यांना धरून ठेवतात ते धन प्रभाराचे आयन. कॅल्शियमचा आयन दोन प्रभारांचा, कणांना घट्ट जवळ ठेवणारा. सोडियमचा आयन एकाच प्रभाराचा, म्हणून कणांमधली पकड सैल राहते. खाऱ्या पाण्यात भोवती आयनांची एवढी गर्दी असते की कण सुटे होत नाहीत. पावसाच्या पाण्यात ती गर्दी नसते, कण एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तोच तो ढग. हेच सुटे कण वावरात मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर पापुद्रा येतो. सातवीला 'चिकटून राहणे' आणि 'सुटे होणे' एवढेच पुरे. आयन नववीत येऊ द्यावेत.

पुढच्या तासिकेला गढूळ ग्लासात चिमूटभर जिप्सम टाकायला सांगावे. कृषी सेवा केंद्रात ते मिळते. जिप्सममधून कॅल्शियम सुटतो, कण जवळ येतात आणि पाणी निवळू लागते. चोपण जमीन सुधारायला जिप्सम का सांगतात ते मुलांना डोळ्यांनी दिसते. एखादी मुलगी नक्की म्हणेल, आमच्याकडे पाण्यात तुरटी फिरवतात. तिला तुरटीही करून पाहू द्यावी. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन प्रभार असतात आणि काम त्याच तत्त्वावर चालते. घरात पिढ्यान् पिढ्या होत आलेली गोष्ट इथे पुस्तकातल्या रसायनाशी जोडली जाते आणि ती जोडून देणारी मुलगी बहुधा एरवी वर्गात तोंड न उघडणारी असते. शिक्षकाने नेमके इथे थांबून बोलावे: तुरटीचे हिने सांगितले म्हणून जिप्सम एकटेच नाही हे आपल्याला कळले.

मुलांना पुढे जायचे असेल तर हा पट्टा खारा का झाला हाही प्रश्न आहेच. पूर्णेचे खोरे हा जाड गाळाने भरलेला खोलगट भाग आहे. माती भारी चिकण, निचरा मंद, हवा उष्ण आणि कोरडी. त्यामुळे मातीतला कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बाजूला पडत जातो आणि सोडियमचे प्रमाण वाढते. चुनखडीचे पांढरे खडे मुलांनी वावरात पाहिलेले असतात. त्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात. मेळघाटच्या मुलाला इथे नकाशा द्यावा. शहानूर, वान, चंद्रभागा या नद्या त्याच्या डोंगरातून उतरून पूर्णेला मिळतात. वान धरणाचे गोडे पाणी ८४ खेडी योजनेतून अकोट-तेल्हाऱ्याच्या खाऱ्या गावांत जाते. त्याच्या डोंगरातल्या पावसाचा त्याच्या वर्गमित्राच्या घागरीशी संबंध आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. हा आकडा मुलांना सांगावा आणि आपल्या हापशीचा अहवाल ग्रामपंचायतीकडून मागायला सांगावे.

या पाठात काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत. गट हजेरीच्या क्रमाने करू नयेत. कोण कोणत्या बाजूच्या गावचा आहे, कोणाच्या घरी विहीर आहे आणि कोणाला पाणी आणावे लागते हे पाहून करावेत. चारापेक्षा मोठा गट नको, पाचवा हमखास प्रेक्षक होतो. कोरकू मुलांना एकेकटे विखरून टाकू नये, दोघे एका गटात असले तर ती आपल्या भाषेत आधी बोलून घेतात आणि मग मराठीत सांगतात. तीन मुलांत एकटी मुलगी ठेवली की ती लिहायला लागते, तेही टाळावे. वायर जोडणे आणि नोंद करणे ही कामे दर तासिकेला फिरती ठेवावीत आणि त्यात सवलत देऊ नये. निरीक्षण पहिल्यांदा आपल्या शब्दांत, वऱ्हाडीत, उर्दूत, चित्र काढून, कसेही होऊ द्यावे. 'पानी दुधावानी झालं' हे अचूक निरीक्षण आहे. बारीक कण तरंगणाऱ्या अशा पाण्यासाठीचा 'कलिल' हा शब्द त्यानंतर आला की तो राहतो.

वर्गात दृष्टिहीन मूल असेल तर एलईडीच्या जागी पिझो बझर लावावा. क्षार जास्त तसा आवाज मोठा. फेस हाताला कळतो, ढेकूळ बोटांनी ओळखता येते. मग तिसऱ्या टेबलाचा तज्ज्ञ तोच.

तंत्रज्ञानाचे म्हणाल तर डिजिटल फळ्यासमोर साठ मुले बसवून चित्रफीत दाखवणे म्हणजे एकत्र शिकणे होत नाही. त्यापेक्षा गटाला एक मोबाइल पुरतो. ग्लासासमोर तो स्थिर ठेवून दर पाच मिनिटांनी एक फोटो काढायचा, ढग किती वेळात किती चढला त्याचा आलेख करायचा. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत महागडी यंत्रे आहेत, पण ती निवडक पाच-सहा मुलांच्याच हाती राहिली तर तिथेही तीच जुनी पत पक्की होते.

कपाशीचाही असाच पाठ होतो. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा जास्त पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, असा निकष आहे. चार गटांनी चार वावरांतले सापळे मोजावेत, आकडे एकत्र करावेत. आईबरोबर वेचणीला गेलेल्या मुलीला अळीने जाळे करून मिटवलेले फूल, डोमकळी, लांबून ओळखता येते. बागायतदाराच्या मुलाला ते तिच्याकडून शिकावे लागते. फवारलेल्या रानात मात्र मुलांना पाठवायचे नाही, हे पक्के.

आता गुण. गटाला एकच गुण दिला की आळशी मूल वाचते आणि मेहनती चिडते. म्हणून गटाच्या मांडणीला थोडे गुण ठेवावेत आणि मांडणी कोण करणार ते चिठ्ठी उचलून ठरवावे, म्हणजे चौघांनाही तयार राहावे लागते. मग प्रत्येकाने स्वतंत्रपणे एक नवा प्रश्न सोडवावा: रब्बीत खाऱ्या विहिरीवर हरभरा घेतला, जूनमध्ये जोराचा पाऊस झाला, तर या रानाचे काय होईल आणि का? हा प्रश्न पुस्तकात नसल्याने पाठ करून येता येत नाही. आकारिक मूल्यमापनात तो सहज बसतो.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, ही शिक्षकांची हरकत खरी आहे. वर्षभर रोज असा पाठ घेणे कोणालाही झेपणार नाही आणि घ्यायची गरजही नाही. सत्रात दोन पाठ नीट रचले तरी पुष्कळ. त्यातून द्रावण, आयन, परिपथ, मृदा, आलेख एवढे घटक एकदम पुढे सरकतात, म्हणजे गेलेला वेळ बराचसा भरून निघतो. द्विशिक्षकी शाळेत पाचवी ते सातवी एकत्र घेता येते, मोठी मुले परिपथ जोडतात आणि लहान मुले ढग पाहतात. साठ-सत्तरच्या वर्गात अर्ध्या मुलांचा प्रयोग एका दिवशी, अर्ध्यांचा दुसऱ्या दिवशी.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पाऊस साधारण तेव्हाच लागतो. शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे: पहिल्या चांगल्या सरीचे पाणी गच्चीवर स्वच्छ पातेल्यात धरून बाटल्यांत भरून ठेवा, मुलांना आपापल्या वावरातले एकेक ढेकूळ आणायला सांगा आणि जुलैतच हा पाठ घ्या. दोन गटांचे निकाल जुळले नाहीत तर बरोबर उत्तर सांगायची घाई करू नका. दोन्ही निकाल फळ्यावर लिहा आणि पुढच्या तासिकेपर्यंत तसेच राहू द्या.